शिक्षक घडतो तो प्रश्नांतून

पेण म्हटले की महाराष्ट्राला गणेशमूर्ती आठवतात. याच तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म झाला, हे मात्र सहसा आठवत नाही. शिकणे आणि जगणे यांत भिंत नसावी, असे मानणाऱ्या या आचार्यांच्या तालुक्यात, रामवाडीच्या परिसरातील एखाद्या शाळेत बी.एड.चा विद्यार्थी सरावपाठासाठी उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढे कोण असते? या तालुक्यात कातकरी आणि ठाकूर वनवासी बांधवांच्या वाड्या आहेत. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांची वाट धरतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलाची घरची बोली एक, पुस्तकाची भाषा दुसरी. हे मूल वाचनात अडखळते, याचे कारण त्याची बुद्धी, बोली की बुडालेले महिने? याचे उत्तर मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयात मिळणार नाही. ते त्या वर्गातच शोधावे लागेल.

या शोधालाच कृतिसंशोधन म्हणतात. अडचण नेमकी ठरवायची, कारणांचा मागोवा घ्यायचा, पूर्वचाचणी घेऊन उपाय योजायचा, उत्तरचाचणीने तो पडताळायचा. अमेरिकेत कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ही संकल्पना मांडली, स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळेत नेली. परंतु नाव परके असले तरी वृत्ती आपल्याला परकी नाही. गिजुभाई बधेकांकडून प्रेरणा घेतलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह वनवासी बालकांसाठी जे केले, ते याहून वेगळे काय होते? गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा ही त्या निरीक्षणाची निष्पत्ती होय.

आज दुर्दैवाने या साधनेचे कर्मकांड होत आहे. तयार अहवाल विकत मिळतात. नाव बदलले की प्रकल्प पूर्ण! जो उपाय योजलाच नाही, तो शंभर टक्के यशस्वी ठरतो. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. पुढे २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी वीस आठवडे ठेवले गेले. वेळ वाढला, पण वृत्ती बदलल्यावाचून तो सार्थकी लागणार नाही.

म्हणून महाविद्यालयांनी पानांची संख्या मोजणे थांबवावे. दहा मुलांचे, सहा आठवड्यांचे, पण प्रामाणिक निरीक्षण मागावे. फसलेल्या प्रयोगालाही गुण द्यावेत; कारण उपाय का फसला हे ज्याला कळले, तो पुढच्या वर्षी अधिक चांगला शिक्षक होतो. निष्कर्ष त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि पालकांनाही सांगावेत. कार्यकर्त्यांनी, विशेषतः निवृत्त शिक्षकांनी, अशा तरुणांना वाड्यावस्त्यांपर्यंत नेऊन घरांशी परिचय करून द्यावा.

राष्ट्राच्या पुनरुत्थानाची भाषा आपण नित्य बोलतो. त्याची कसोटी वीटभट्टीवरून परतलेले मूल जूनमध्ये पुन्हा वाचू लागते की नाही, या साध्या प्रश्नात आहे. हा प्रश्न स्वतःला विचारणारा शिक्षक घडवणे, हेच खरे राष्ट्रकार्य होय.