बंदरखाते आणि अलिबागची लेक
नारायण नागू पाटलांची नात, प्रभाकर पाटलांची मुलगी. अलिबागेत मीनाक्षीताई पाटलांची एवढी ओळख पुरे होती. खोतांविरुद्ध 1933मध्ये आजोबांच्या नेतृत्वाखाली पेटलेला चरीचा शेतकरी संप म्हणजे त्यांच्या घरचीच गोष्ट. पण नुसत्या आडनावावर तीनदा विधानसभा गाठता येत नाही. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) तिकिटावर त्या 1995, 1999 आणि 2009मध्ये निवडून आल्या. मधल्या 2004मध्ये जागा काँग्रेसच्या मधुकर ठाकुरांकडे गेली. विलासराव देशमुखांच्या सरकारात त्या बंदरे राज्यमंत्री होत्या. रेवस-मांडव्याहून लाँचने मुंबई गाठणाऱ्या किनाऱ्याला याहून जवळचे खाते कोणते? त्याच किनाऱ्यावर श्रीवर्धनच्या अदिती तटकरे 2019मध्ये प्रथमच आमदार झाल्या आणि वर्ष सरण्याआधी राज्यमंत्रीही. घराणे इथेही आहेच, फक्त पक्ष वेगळा.