आधी गिलावा, मग रंग

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी पोपडे खरवडले जातात, भेगा लिंपल्या जातात आणि मगच सफेदीचा कुंचला भिंतीस लागतो. हा क्रम कोणाही गृहिणीस सांगावा लागत नाही. परंतु जीर्ण वसाहतींच्या दर्शनी भिंती प्रचंड चित्रांनी नटवून त्यांना नवजीवन देण्याची जी कल्पना सांप्रत सर्वत्र रूढ होत आहे, आणि जी आज ना उद्या आमच्या भिवंडीच्याही वेशीवर येऊन ठेपेल, तिच्या पुरस्कर्त्यांस तो सांगणे अगत्याचे वाटते.

या कल्पनेचा उपहास करण्याचा आमचा मानस नाही. इंग्रजी अमदानीच्या अखेरीस सरकारी नोकरांसाठी बांधलेल्या दिल्लीच्या लोधी कॉलनीत देशोदेशींच्या चित्रकारांनी भिंती रंगविल्या, आणि ज्या रस्त्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे तेथे रसिकांची पावले वळू लागली. घाटकोपरजवळची असल्फा टेकडी 2017 च्या अखेरीस स्वयंसेवकांनी रंगविली, तीही मेट्रोतील प्रवाशांचे लक्ष वेधून गेली. मात्र गाडीतून रंग दिसतो, घरातील गळती दिसत नाही. याउलट फ्रान्समधील लियों शहरी, तोनी गार्निए या वास्तुकाराने दोन महायुद्धांच्या दरम्यान उभारलेली कामगारवसाहत मोडकळीस आली, तेव्हा 1980 च्या दशकात इमारतींची डागडुजी सुरू असतानाच रहिवाशांनी पुढाकार घेतला आणि गार्निएने कल्पिलेल्या आदर्श औद्योगिक नगराची चित्रे त्या भिंतींवर अवतरली. आज ती वसाहत संग्रहालय म्हणून ओळखली जाते, आणि तरीही तेथे संसार नांदतात.

भिवंडीत खाली यंत्रमागांचा खडखडाट आणि वर भाड्याच्या खोल्या, धोट्याच्या येरझाऱ्यांसरशी थरथरणाऱ्या भिंती, गिलावा गळून उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या आणि पावसाळ्यापूर्वी दारावर डकविलेली ‘अतिधोकादायक’ अशी नोटीस, हे दृश्य कोणास अपरिचित नाही. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळून जवळपास चाळीस जीव गेले. अशा वास्तूवर मोर आणि कमळे चितारणे म्हणजे तिचे तडे तपासनिसाच्या नजरेआड करणे होय. तेथे रंग नुसता निरुपयोगी नव्हे, घातक ठरतो.

आधी भिंत, मग चित्र हा क्रम वारली परंपरेतही आहे. वारली सुवासिनी लग्नघरी चौक लिहितात, तेव्हा कुडाची भिंत आधी शेणामातीने लिंपतात, गेरूने सारवतात, आणि नंतरच तांदळाच्या पिठाने पालघाट देवीस आवाहन करतात. ही कला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणली, जगभर नेली आणि 2011 साली पद्मश्रीचा मान मिळविला. परंतु तिचे मूळ अधिष्ठान राहत्या घराची सुदृढ भिंत हेच होते.

म्हणून महापालिकेस आणि मालकवर्गास आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, प्रत्यक्ष दुरुस्ती, रहिवाशांची लेखी संमती आणि सुशोभनाच्या निमित्ताने भाडे वाढणार नाही याची हमी, इतके दप्तरी नोंदल्याखेरीज कुंचल्याच्या खर्चास मंजुरी देऊ नये. आणि ती दिलीच, तर पहिले काम आमच्या तालुक्यातील वारली कलावंतांस व माग चालविणाऱ्यांच्या मुलांस द्यावे. वाचकांनीही आपापल्या इमारतीच्या सभेत हा आग्रह धरावा.