गंजलेलं जहाज चीनच्या वाटेत का उभं आहे?

दक्षिण चीन समुद्रातला सेकंड थॉमस शोल हा प्रवाळखडक भरतीला पाण्याखाली जातो. तिथं फिलिपिन्सचे मूठभर नौसैनिक पहारा देतात, तेही १९४४ साली बांधलेल्या एका गंजक्या जहाजावर राहून.

'सिएरा माद्रे' तिथं अपघातानं अडकलेलं नाही. १९९५ मध्ये चीननं जवळच्याच मिसचीफ रीफवर मच्छिमारांचा निवारा म्हणून खोपटी उभारली होती. आज तिथं धावपट्टी आहे! हे पुन्हा घडू नये म्हणून १९९९ मध्ये फिलिपिन्सनं हे जहाज मुद्दाम खडकावर चढवलं.

२०१६ मध्ये हेगच्या लवादानं हे दोन्ही खडक फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रात येतात, असा निकाल दिला. ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या खडकावर कितीही काँक्रीट ओतलं तरी त्याला स्वतःची सागरी हद्द मिळत नाही. चीननं निकाल धुडकावला.

आता भांडण जहाजाच्या डागडुजीवरून आहे. जहाज कुजून मोडलं की जागा आपसूक मोकळी होईल, म्हणून बांधकामाचं सामान नेण्याला चीनचा विरोध. जून २०२४ मध्ये रसदीची बोट अडवताना झालेल्या झटापटीत एका फिलिपिनी नौसैनिकाचा अंगठा तुटला. जुलैमध्ये रसद नेण्याबाबत तात्पुरता समझोता झाला.

जहाजावर थेट हल्ला मात्र टळतो आहे. कागदोपत्री ते अजूनही नौदलाच्या सेवेत आहे आणि फिलिपिन्सचा अमेरिकेशी १९५१ पासून संरक्षण करार आहे.