पाच सेकंद

२०१५ साली हवाईतल्या कोना इथे हिरोमू इनादा हे ८२ वर्षांचे जपानी गृहस्थ ३.८ किलोमीटर पोहले, १८० किलोमीटर सायकल चालवली आणि ४२.२ किलोमीटर धावले. पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायच्या या आयर्नमॅन ट्रायथलॉनची मुदत साधारण १७ तासांची. इनादा पाच सेकंद उशिरा पोहोचले. पुढच्याच वर्षी ते परत आले आणि मुदतीत पोहोचले. २०१८ मध्ये, ८५व्या वर्षी, पुन्हा पोहोचले. पोहायला त्यांनी सुरुवात केली ती निवृत्तीनंतर, साठीच्या आसपास. पहिली ट्रायथलॉन सत्तरीत.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हेच पाच सेकंद. वयाकडे बघून कुणी सूट दिली नाही, हाच त्यांचा खरा सन्मान होता. आपल्याकडे मात्र ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न काळजीच्या सुरात येतो आणि माणसाला खुर्चीत बसवून जातो. हृदयतपासणी हवीच, सराव हळूहळू वाढवायला हवाच. पण नियम सर्वांना तेच राहू द्यावेत.

नियम तेच, पण वयोगट मात्र हवेत. अमेरिकेच्या सिस्टर मॅडोना ब्यूडर २०१२ मध्ये ८२व्या वर्षी आयर्नमॅन पूर्ण करेपर्यंत ऐंशीपुढच्या स्त्रियांसाठी त्या स्पर्धेत गटच नव्हता. गोव्यात मिरामारला २०१९ पासून अर्ध्या अंतराची आयर्नमॅन होते आहे, ठिकठिकाणी छोट्या ट्रायथलॉनही भरतात. आयोजकांना माझी विनंती आहे: सत्तरी, पंचाहत्तरी, ऐंशीचे गट आजच जाहीर करा, नावनोंदणी एकाचीही नसली तरी.