दवाखान्याला माफीनाम्याशी काय घेणं?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२५ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांशी करार करण्याचा कायदा केला. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये इंग्रजांनी माओरींशी १८४० सालीच वैतांगीचा करार केला होता. ऑस्ट्रेलियात मात्र जमीन घेताना कुणाला विचारलंच नव्हतं. अशा कराराच्या बाजूने वकील आणि पुढारी उभे राहणार, हे समजू शकतं. पण व्हिक्टोरियात आदिवासींच्या आरोग्य संस्थांची मध्यवर्ती संघटनाही उघडपणे उभी राहिली. आमच्या शिक्षक मंडळींत चर्चा निघाली तेव्हा पहिला प्रश्न हाच आला: दवाखान्याने औषध द्यावं, सुई टोचावी. करार आणि माफीच्या राजकारणाशी त्याला काय घेणं?

वैरागमध्ये बसून आम्हाला हा प्रश्न दूरचा वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली एक पारधी मुलगी तापाने फणफणली होती. तिची आई काही केल्या दवाखान्यात यायला तयार होईना. "गुरुजी, तिथं आधी नाव इचारत्यात, मग नजर बदलती," एवढंच म्हणाली. शेवटी आम्ही सोबत गेलो. तिथे आमच्यादेखत तिला बाकावरून उठवून दाराशी बसायला सांगितलं. औषधं कपाटात भरपूर होती, पण ती घ्यायला माणूस आधी दारात यावा लागतो ना.

ही नजर कुठून आली? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. आपल्या सोलापुरात ही कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली गेली. त्या वस्तीला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून तो कायदा गेला आणि 'विमुक्त' हा शब्द मिळाला. पण चोरी झाली की बोट अजूनही आधी पालाकडेच जातं. आणि खरं सांगायचं तर आपल्या मोहल्ल्यातही पारधी बाई दिसली की दाराला कडी लागते. दुसऱ्यांच्या नजरेची तक्रार आपण रोज करतो, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आपल्याकडे करार नाही, पण करारासारखी एक कबुली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं सरकारने लिहून दिलंय. त्याच कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था १९८६ पासून आहे. करारबिरार तिने केला नाही. पण दवाखाना कसा हवा, हे आधी आदिवासींना विचारलं. त्यांनी आपल्या घरांसारखा मागितला, नातेवाईक सोबत राहू शकतील असा, आणि नाव ठेवलं माँ दंतेश्वरीचं. गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू झाली. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या बाया गावच्याच होत्या, नजर चुकवून बसायची वेळ कुणावर आली नाही. आमच्या मते अर्धं औषध तेच होतं.

२०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला तेव्हा लस घ्यायला कचरणाऱ्या घरांना "अडाणी" म्हणून मोकळे झालेले लोक आठवतात? मशिदीतून, ओळखीच्या तोंडून सांगितलं गेल्यावर तीच घरं ऐकू लागली. भरवसा आधी, लस नंतर.

अर्थात नुसत्या सहीने खाटा वाढत नाहीत, डॉक्टरही येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत आदिवासींची माफी मागितली. तरीही आदिवासींना संसदेपुढे मत मांडण्याचा घटनात्मक मार्ग देण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये तिथल्या जनतेने साठ टक्के मतांनी फेटाळला. म्हणजे माफी हा रस्त्याचा पहिला दगड झाला, एवढंच. आपल्याकडे विमुक्तांसाठी तोही कुणी ठेवलेला नाही. निदान तालुक्याच्या आरोग्य समितीत पालावरची एक बाई बसवायला कुठला कायदा आड येतो?

ती मुलगी सातवीनंतर शाळेत आली नाही. तिची आई मात्र घरात कुणाला ताप आला की अजूनही आधी आमच्या दारात येते. "गुरुजी, सोबत चला," म्हणते.