निकाहचे छुहारे आणि बंदरावरचा कागद



गेल्या महिन्यात शेजारच्या घरी निकाहची यादी करायला बोलावलं होतं. मेहर, वकील, गवाह यांवर पाच मिनिटांत एकमत झालं. अर्धा तास गेला तो छुहाऱ्यांवर. मुलीची खाला म्हणाली, "आमच्या वेळी मुठी भरभरून वाटायचे, आता मोजून पाकिटं करा." भाव ऐकून मुलीचे अब्बा गप्पच बसले.

छुहारा म्हणजे आपली खारीक. निकाहला तीच, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातही तीच. ती येते कुठून, असं मी आठवीच्या वर्गात विचारलं. पोरं एका सुरात म्हणाली, "अरबस्तानातून!" खरं तर कित्येक वर्षं आपल्या बाजारातली बरीचशी खारीक सिंधमधल्या खैरपूरकडची असे. तिथे खजूर पिकण्याची आणि पावसाची वेळ एकच, जुलै-ऑगस्ट. फळ झाडावर नरम होऊ दिलं तर पावसात नासतं. म्हणून ते कच्चं, कडक असतानाच घड उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि चटयांवर उन्हात वाळवतात. पावसाच्या धास्तीतून तयार झालेली ही मिठाई!

ही खारीक अटारीच्या नाक्यावरून ट्रकने यायची. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयात शुल्क बसलं. शंभराच्या मालावर दोनशे कर. कोण आणणार? मग काहींनी दुबईची वाट धरली. 2 मे 2025 ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, सरळ बंदीच आली, माल थेट येवो की तिसऱ्या देशातून. तरी त्याच जूनमध्ये आपल्या न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर खात्याने 39 कंटेनर पकडल्याचं जाहीर केलं. सुमारे 1115 टन माल, किंमत 9 कोटींच्या आसपास, आणि त्यात खारीकही. एका जहाजाने माल दुबईला न्यायचा, तिथे दुसऱ्या कंटेनरमध्ये भरायचा, दुसऱ्या जहाजावर चढवायचा आणि कागदावर लिहायचं, अमिरातीचा माल.

मला इथे बाजारातल्या धान्याच्या ढिगाची ती हदीस आठवते. रसूलुल्लाह (स.) यांनी ढिगात हात घातला, तर वरून कोरडं दिसणारं धान्य आत ओलं निघालं. ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. कंटेनरचा खोटा कागद म्हणजे तोच वरचा कोरडा थर. बंदी योग्य की अयोग्य, यावर घरोघरी वाद होतील, होऊ देत. गिऱ्हाइकापासून मालाचं मूळ लपवणं मात्र कुठल्याच बाजूने हलाल ठरत नाही.

आणि यात अडकतो कोण? मोठा आयातदार वकील करतो. मोहल्ल्यातला किराणावाला चिठ्ठीवर दोन गोण्या उचलतो आणि चौकशी आली की त्याच्या हातात दाखवायला काही नसतं. आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानाकडे तर नजर आधीच वळते, हे मी वेगळं सांगायला नको. दुकान चालवणाऱ्या भावांनी घाऊक बाजारातून पक्कं बिल घ्यावं, आणि आपण पाकिटावर देशाचं नाव वाचायची सवय लावावी.

पर्याय नाही असंही नाही. ओमानमध्ये मबसली जातीचा खजूर उकळून वाळवतात, आणि तो हिंदुस्तानात पाठवायची रीत तिथे फार जुनी आहे. पोरांचं 'अरबस्तान' तेवढं बरोबर होतं म्हणायचं! कच्छमध्येही खजूर होतो, पण तिथेही पाऊस आडवा येतो, म्हणून बराचसा माल ताजाच विकला जातो.

त्या घरात शेवटी काय ठरलं? छुहारे वाटणं फर्ज नाही, हे मौलानांनीच अब्बांना सांगितलं. पाकिटात दोन छुहारे, थोडी खडीसाखर. खाला थोडी नाराज झाली. अब्बांनी बिल मागून घेतलं, घडी घालून शेरवानीच्या खिशात ठेवलं आणि मंडपवाल्याला फोन लावला.