मांजर, टॅरंटुला आणि दोन खोल्यांचे घर

पालघर-बोईसर परिसरात मांजराचे कोणाला नवल नाही. सातपाटीची मासळी ज्या बाजारात उतरते, तेथील मांजरे उपाशी राहत नाहीत आणि बाजारातून घरात येण्यास त्यांना कोणाच्या परवानगीची गरजही भासत नाही. टॅरंटुला या तळहाताएवढ्या केसाळ कोळ्याचे तसे नाही. तो घरात येतो तो केवळ हौसेपोटी, पैसे मोजून. 2021 च्या जुलैमध्ये चेन्नईच्या टपाल कचेरीत पोलंडहून आलेल्या एका पुडक्यात 107 जिवंत कोळी सापडले होते. ही हौस आपल्या देशात किती मुरली आहे याचा अंदाज त्यावरून यावा. मुंबईत रुजलेली हौस डहाणूच्या लोकलने बोईसरपर्यंत येण्यास कितीसा वेळ लागणार? तेव्हा एकाच छपराखाली मांजर आणि कोळी दोन्ही सुखरूप कसे राहतील, हा प्रश्न वरवर वाटतो तितका हास्यास्पद नाही.

विषारी कोळी मांजराला मारील, ही सर्वसाधारण समजूत. वस्तुतः अधिक धोका कोळ्यालाच आहे. त्याचे पोट इतके नाजूक असते की हात-दोन हात उंचीवरून पडले तरी ते फुटते व जीव जातो. आणि फळीवरील वस्तू पंजाने ढकलून खाली पाडणे हा तर मांजराचा आवडता उद्योग. कात टाकताना टॅरंटुला तासन् तास उताणा, निश्चल पडून असतो. त्या वेळी पेटीला बसलेला एक धक्काही त्याला भोवू शकतो.

अर्थात मांजरही सर्वस्वी निर्धास्त नसते. अमेरिका खंडातील बऱ्याच जातींचे कोळी चिडले म्हणजे पाठीवरील सूक्ष्म केस उडवतात. ते डोळ्यांत, नाकात वा घशात गेले की असह्य दाह होतो. आपल्याकडील पोसिलोथेरिया कोळ्यांना असे केस नसतात, पण त्यांचे विष जहाल असते. त्यांच्या दंशाने माणसाच्या स्नायूंत तीव्र गोळे येतात. ऑस्ट्रेलियातील टॅरंटुलांच्या दंशाने कुत्री दगावल्याच्या नोंदी आहेत. मांजराच्या बाबतीत काय होईल, हे आपल्या घरी अजमावून पाहण्याचे कारण नाही.

यावर पहिला उपाय झाकणाचा. ते नुसते ठेवलेले नसावे, कडीने बंद होणारे असावे. त्यावरील जाळी मांजराच्या नखांना दाद न देणारी आणि मांजर वर येऊन बसले तरी न वाकणारी हवी. पेटी उंच फळीवर ठेवण्याचा मोह अनेकांना होईल, परंतु मांजराला उंची अडवत नाही. शिवाय हा भूकंपाच्या धक्क्यांचा जिल्हा आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागाने असंख्य लहानमोठे हादरे सोसले आहेत. पेटी जमिनीलगतच्या, दार लागणाऱ्या कपाटात ठेवावी आणि कपाटात हवा खेळती राहील असे पाहावे. 'मांजराला आता सवय झाली आहे' हा युक्तिवाद मात्र कोणी करू नये. पेटीत काही हलले की ती सवय क्षणात विसरली जाते.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती औषधांची. मांजराच्या पिसवांवर मानेला लावायचे फिप्रोनिलसारखे औषध कोळ्यालाही मारते. मांजराला कुरवाळून तेच हात पेटीत घालणे म्हणजे विषप्रयोगच होय. डासांसाठी रात्रभर चालणारी विजेची यंत्रे आणि झुरळांची फवारणी यांचेही तेच. त्यातही परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराला लावल्यास मांजरच दगावू शकते. एका चुकीत दोन्ही प्राणी गमावण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग.

कायद्याचाही विचार हवा. पोसिलोथेरिया कोळी 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यान्वये अशा यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करणे आवश्यक आहे. तुंगारेश्वर अभयारण्यातून कोळी उचलून आणणे हा तर सरळ गुन्हाच.

आता जागेचा हिशेब. टॅरंटुलाची मादी वीस-वीस वर्षे जगते. औद्योगिक वसाहतीतील नोकरी, भाड्याचे घर आणि घरमालकाची मर्जी यांपैकी एकही गोष्ट इतकी टिकत नाही. दोन खोल्यांच्या घरात एक खोली कोळ्यासाठी कायम बंद ठेवायची म्हटले, तर तिचे खरे मोल पेटीच्या किमतीत नव्हे, तर त्या खोलीत झोपू व अभ्यास करू न शकणाऱ्या माणसांच्या गैरसोयीत मोजावे लागेल. कडी लावता येईल अशी जादा खोली ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी दोहोंपैकी एकच प्राणी पाळावा. आणि मांजर आधीपासून घरात असेल, तर ती निवड होऊन गेलेलीच आहे.